वासराला आत येऊ द्या

सतराव्या शतकातलं कोल्हापूर. जयरामस्वामी वडगावकरांचं कीर्तन लागलं होतं आणि बसायला जागा उरली नव्हती. त्या दाटीत अकरा-एक वर्षांची एक मुलगी आली आणि तिच्या पाठोपाठ एक वासरू. कपिला गाईचं ते वासरू या मुलीशिवाय वैरणीला तोंड लावत नसे. ती पाण्याला निघाली की तेही निघे, ती पुराण ऐकायला बसली की तेही जवळ येऊन उभं राही. कीर्तनात मात्र लोकांनी त्याला बाहेर काढलं. माणसांनाच टेकायला जागा नाही तिथे जनावर कुठे घ्यायचं, हा हिशेब तसा चुकीचा नव्हता. वासरू बाहेर हंबरत राहिलं. स्वामींना हे कळलं तेव्हा त्यांनी वासराला आत आणवलं, दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कीर्तन पुढे चालू झालं.

ही मुलगी म्हणजे संत बहिणाबाई. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या वेरूळजवळच्या देवगावच्या, तुकोबांच्या शिष्या, पुढे शिऊरला राहिलेल्या. १६२८ ते १७०० हा त्यांचा काळ. आपली हकिकत त्यांनी स्वतः अभंगांतून सांगून ठेवली आहे, म्हणून एवढे बारकावे आपल्यापर्यंत पोचले. कर्जापायी गाव सोडून भटकत आलेलं हे कुटुंब कोल्हापुरात दुसऱ्याच्या घरी आश्रयाला होतं. म्हणजे ज्या पोरीच्या वासराला दाराबाहेर काढलं, ती मुळात स्वतःच आश्रित होती.

पुढची गोष्ट गोड नाही. स्वामींनी एका पोरीच्या डोक्यावर हात ठेवला याची गावात कुजबुज झाली आणि ती नवऱ्याच्या कानावर गेली. नवरा वयाने कितीतरी मोठा, बिजवर, वैदिकी करणारा. त्याने तिला वेणीला धरून मारलं, हातपाय बांधून मारलं. त्या दिवसांत गाय आणि वासरू दोघांनी चारापाणी सोडलं, असं बहिणाबाई सांगतात. मग वासरू आजारी पडलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मेलं. ती स्वतः काही दिवस शुद्धीवर नव्हती. त्याच अवस्थेत तिला तुकोबांचं दर्शन झालं.

ही कथा सांगणारे बहुतेक जण इथून थेट गुरुकृपेकडे वळतात. वासरू कोणी पूर्वजन्मीचा साधक ठरतं, नवऱ्याचा मार प्रारब्ध ठरतो, आणि तुकोबांचा स्वप्नानुग्रह हे कथेचं सार होतं. पण छळाच्या प्रकरणांत रोज काम करणारी एखादी समुपदेशक हे अभंग वाचेल तर तिची नजर वेगळ्या जागी थांबेल. मार खाणारी बाई, तिला बिलगलेलं मुकं जनावर आणि जनावरासाठी बंद असलेलं दार, हे तिन्ही तिच्या ओळखीचं असेल.

अमेरिकेत कॅन्सस सिटी शहरात ‘रोझ ब्रुक्स सेंटर’ नावाचं स्त्रियांसाठीचं निवारागृह आहे. तिथे एका बाईची फिर्याद आली. जोडीदार तिला हातोडीने मारत असताना तिचा ग्रेट डेन जातीचा धिप्पाड कुत्रा तिच्या अंगावर आडवा पडला आणि बरेचसे घाव त्याने स्वतःवर घेतले. दोघंही जबर जखमी झाली, पण वाचली. निवारागृहाने तिला यायला सांगितलं. कुत्र्याला मात्र घेता येणार नव्हतं, नियमच तसा होता. कुत्र्याला सोडून येणार नाही, असं तिने सांगितलं. ज्याच्यामुळे जीव वाचला त्याला त्या घरात कसं ठेवायचं? संस्थेने नियम बाजूला ठेवला आणि दोघांना आत घेतलं. त्या एका अपवादातून पुढे कायमची सोय उभी राहिली. २०१२मध्ये रोझ ब्रुक्सने आपल्याच आवारात जनावरांसाठी वेगळं निवासस्थान बांधलं.

अशी बाई अपवादात्मक असती तर प्रश्न एका कुत्र्यावर संपला असता. मानसशास्त्रज्ञ फ्रँक ॲशियोनी यांनी यूटा राज्यातल्या एका निवारागृहात आलेल्या ३८ स्त्रियांशी बोलून १९९८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या घरी जनावर होतं, अशांपैकी ७१ टक्के जणींनी सांगितलं की जोडीदाराने त्या जनावराला मारण्याची धमकी दिली होती, इजा केली होती किंवा ते मारून टाकलं होतं. नमुना लहान होता, पण पुढे इतर देशांतल्या पाहण्यांतूनही चित्र तसंच दिसत राहिलं. यामागची रीत साधी आहे. बाईला हात लावला तर वळ दिसतात, शेजारी विचारतात. मांजराला गॅलरीतून फेकलं तर कोणी पोलीस बोलावत नाही. आणि ‘तू गेलीस तर याचं काय करतो बघ’ हे वाक्य बाईला उंबऱ्यावर रोखून धरायला पुरतं. लेकराबद्दल अशी धमकी दिली तर निदान कायदा ऐकून घेतो.

मग लोक विचारतात, कुत्र्यासाठी मार खात बसायचं? यात कीव असते आणि थोडं हसूही असतं. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण भारतीय परंपरेने तो फार पूर्वी गांभीर्याने विचारला आहे आणि त्याला दोन परस्परविरोधी उत्तरं दिली आहेत.

पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी हस्तिनापुरातून निघतात तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागे लागतो. वाटेत एकेक जण पडत जातो. शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू चढ, कुत्र्याला सोड; कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर नकार देतो. त्याचा युक्तिवाद नीट वाचण्यासारखा आहे. कुत्रा गोड आहे, निष्पाप आहे, असं तो कुठेच म्हणत नाही. भिऊन शरण आलेल्याला घालवून देणं, स्त्रीची हत्या, ब्राह्मणाचं धन लुटणं आणि मित्रद्रोह ही चार पापं एका पारड्यात घातली तर दुसऱ्या पारड्यात आपल्यावर विसंबलेल्याचा त्याग बसतो, असं तो सांगतो. इंद्र त्याला कोंडीत पकडतो: भाऊ टाकलेस, बायको टाकलीस, मग कुत्रा का टाकवत नाही? युधिष्ठिर म्हणतो, ते मेले होते, मेलेल्यांना मी परत आणू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडलेलं नाही.

दुसरं उत्तर भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. राजा भरत राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करत असतो. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेली गाभण हरिणी नदीवरून उडी घेते, पाडस पाण्यात पडतं, हरिणी मरते. भरत पाडसाला वाढवतो. हळूहळू जप मागे पडतो, पाडस दिसलं नाही तर जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि मरताना डोळ्यांपुढे तेच असतं. पुढचा जन्म हरणाचा. त्यानंतर तो जडभरत होतो. कथेचा रोख उघड आहे: जनावराची माया हीसुद्धा बेडीच.

युधिष्ठिराला स्वर्ग मिळाला आणि भरताला हरणाचा जन्म. दोघांनी केलं एकच, आपल्यावर विसंबलेल्या मुक्या जिवाला सोडलं नाही. मग हातोडीच्या माराखालून वाचलेल्या त्या बाईला कोणाच्या रांगेत बसवायचं?

भरताच्या कथेचा धाक आपल्याकडे जास्त चालतो, हे मान्य करायला हवं. ‘सोड गं, जनावरच ते’ असं सांगणाऱ्या मावशी-काकूंना भागवत माहीत नसेल, पण त्या भरतालाच समजावत असतात. मात्र भरत मोकळा होता. त्याच्यावर कोणी हात उगारलेला नव्हता, तप सोडून पाडसामागे धावताना त्याला कोणी दम देत नव्हतं. त्याच्या मायेची दोरी त्याच्याच हातात होती. मार खाणाऱ्या बाईच्या मायेची दोरी दुसऱ्याच्या हातात असते आणि तो ती मुद्दाम आवळत असतो. अशा वेळी तिला वैराग्याचा उपदेश करणं म्हणजे छळणाऱ्याच्या बाजूने बोलणं होतं, मग हेतू कितीही चांगला असो. तिचं अडून राहणं युधिष्ठिराच्या अडण्याच्या जातीचं आहे. फरक एवढाच, की त्याच्यापुढे स्वर्गाचा रथ उभा होता आणि हिच्यापुढे एखाद्या संस्थेची कळकट जीप.

पण युधिष्ठिरालाही इतक्या सहज सोडून चालणार नाही. कुत्र्याला शेवटपर्यंत न सोडणारा हा धर्मराज द्यूतसभेत बायकोला पणाला लावून बसला होता. तिला केस धरून ओढत आणलं तेव्हा मान खाली घालून गप्प होता. हिमालयात ती कोसळली तेव्हा थांबलाही नाही. भीमाने विचारलं तर म्हणाला, तिचा अर्जुनावर जास्त जीव होता, तो तिचा दोष. विसंबलेल्याच्या त्यागाचं पाप स्त्रीहत्येबरोबर तोलणारा माणूस हाच. कुत्र्याला मिळालेला न्याय त्याच्या हातून द्रौपदीला मिळाला नाही. करुणेच्या आपल्या थोर कथांत बाई आणि जनावर एका चौकटीत क्वचितच दिसतात. एकाची बाजू घेतली जाते तेव्हा दुसरं चौकटीबाहेर असतं.

म्हणून बहिणाबाईंची हकिकत मोलाची. तिथे बाई आणि वासरू एकाच दाराशी आहेत आणि एकाच माणसाने दोघांना एकदम आत घेतलं आहे. शिवाय तिथे परीक्षा कोणाची होते, हे पाहा. महाभारतात आत शिरणाऱ्याची परीक्षा होते. स्वर्गाच्या दाराचा नियम बरोबर की चूक, हे कोणी विचारत नाही, आणि शेवटी कुत्राच धर्म निघाल्याने नियमाला हात न लावता प्रश्न मिटतो. कोल्हापुरात वासरू वासरूच राहतं. बदलावं लागतं दाराला. अकरा वर्षांच्या मुलीने कोणता युक्तिवाद केला नाही, तिच्याकडून कोणी तो मागितलाही नाही. ज्याच्या शब्दाने दार उघडणार होतं, त्याने तो शब्द टाकला. आश्रयाच्या प्रश्नात धर्माचं ओझं आश्रय देणाऱ्याच्या खांद्यावर असतं, आश्रय मागणाऱ्याच्या नाही, एवढं तरी यावरून ठरायला हरकत नसावी.

कुराणातही अशीच एक सोबत आहे. ‘कहफ’ या सुरेत श्रद्धेपायी छळाला कंटाळून काही तरुण गुहेत आसरा घेतात, आणि त्यांचा कुत्रा गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून पडलेला असतो. सगळे वर्षानुवर्षं झोपतात, कुत्राही. कुत्र्याच्या लाळेबाबत शुद्धाशुद्धतेचे कडक नियम असलेल्या परंपरेत आश्रयाच्या या कथेतून कुत्रा मात्र गाळला गेलेला नाही.

महाराष्ट्राला यात सांगण्यासारखं बरंच आहे, अभिमानाचं आणि थोडं लाजेचंही. १८३२मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा मुंबईत पारशी रस्त्यावर उतरले. कुत्रा त्यांच्या धर्मात पवित्र. मृताला कुत्र्याचं दर्शन घडवण्याचा ‘सगदीद’ विधी त्यांच्यात आहे. शहर दोन दिवस बंद पडलं. त्या दंगलीच्या पाठोपाठ १८३४मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ सुरू झाली. भुलेश्वरच्या गल्लीत ती आजही आहे. निराश्रित जनावराला जागा मिळाली. बाईला तशी जागा मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी फसलेल्या विधवांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३मध्ये. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईत १८८९मध्ये उघडलं, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. यांतल्या प्रत्येक संस्थेला शिव्याशाप सोसावे लागले. पांजरापोळीला देणग्या कमी पडल्या नाहीत.

अशी दोन वेगळी दारं आपण बांधली. एकावर गाईचं चित्र, दुसऱ्यावर ‘महिलाश्रम’ ही पाटी. बाई गाईला घेऊन आली तर कोणत्या दारात उभं राहायचं, हे कोणी ठरवलं नाही.

कायद्यातही तीच फट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६पासून. चांगला कायदा आहे. मानसिक छळाची त्याची व्याख्या बरीच पुढची आहे. पीडितेला ज्या व्यक्तीबद्दल आस्था आहे, तिला इजा करण्याच्या वारंवार धमक्या देणं हाही हिंसाचार मानला आहे. पण ती ‘व्यक्ती’ असायला हवी. मांजर व्यक्ती नाही. जनावर मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो मालमत्तेच्या नुकसानीच्या प्रकारातला गुन्हा. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगतो. पन्नास रुपयांत आज वडापाव आणि चहा होतो. या तिन्ही कायद्यांत कुठेही ‘बाईला दाबण्यासाठी जनावर मारलं’ हा गुन्हा बसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २००८च्या आपल्या कायद्यात तो सरळ बसवला आहे: घरातल्या माणसावर धाक ठेवण्यासाठी जनावराला इजा करणं किंवा तशी धमकी देणं हा कौटुंबिक हिंसाचारच, मग जनावर कोणाच्याही मालकीचं असो. अमेरिकेत मेन राज्याने २००६मध्ये पाळीव जनावरांना संरक्षण आदेशात घेतलं आणि पुढे तीसहून अधिक राज्यांनी तसं केलं.

आपल्याकडे आश्रयाची व्यवस्था तशी कागदावर नीट आहे. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर २०१५पासून आहेत. तिथे साधारण पाच दिवस राहता येतं. त्याहून लांबच्या मुक्कामासाठी स्वाधार गृहं होती, ती आता ‘शक्ती सदन’ या नावाखाली आली. स्वाधारच्या नियमावलीत एक कलम होतं: आईबरोबर मुलगी अठरा वर्षांपर्यंत राहू शकेल, मुलगा आठ वर्षांपर्यंतच, त्यापुढच्या मुलाला बालगृहात पाठवायचं. म्हणजे बाईचं माणूस कोण आणि किती वयापर्यंत, हे दार आधीपासून ठरवत आलेलं आहे. नऊ वर्षांच्या मुलाची ही गत होती, तर शेळीचं नाव कोण काढणार?

आणि शेळीचं नाव काढायलाच हवं. शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे लॅब्राडोर येतो, पण गावाकडच्या बाईचा प्रश्न दावणीचा असतो. दोन शेळ्या, एक म्हैस, परड्यातल्या कोंबड्या. शेळ्या बहुतेक वेळा तिनेच वाढवलेल्या, कधी बचतगटाच्या कर्जातून घेतलेल्या, कधी माहेरून आणलेल्या. औषधपाण्याला, पोराच्या वहीला हाताशी येतो तो पैसा शेळी विकून. ती रात्री पोरांना घेऊन निघाली तर सकाळी शेळ्या बाजारात उभ्या असतील, हे तिला पक्कं माहीत असतं. म्हैस पिळायची वेळ चुकली तर सड सुजतात, दुखून ती ओरडते, हेही तिलाच माहीत असतं. इथे माया आणि मिळकत वेगळी काढता येत नाही. ‘कुत्र्यामांजरांचे लाड’ म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्यांनी या दावणीकडे एकदा बघावं.

यावर एक खरा आक्षेप आहे. बायकांनाच खाटा पुरत नाहीत, एका खोलीत चार-चार जणी आहेत, तिथे कुत्री कुठे घ्यायची? कोणाला दम्याचा त्रास, कोणाला लहानपणी चावलेल्या कुत्र्याची धास्ती, कोणाच्या घरात कुत्रा शिवला तर अंघोळ. रेबीजची भीती आपल्या देशात मुळीच खोटी नाही. संस्था चालवणाऱ्या बाईला महिन्याचा किराणा जुळवताना नाकी नऊ येतात. तिला युधिष्ठिराची गोष्ट सांगून उपयोग नाही.

तिला हिशेब सांगावा लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत लग्न झालेल्या स्त्रियांपैकी जवळपास २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. हिंसाचार सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. उरलेल्या का आल्या नाहीत याची कारणं अनेक: पोरं, पैसा, माहेरची अब्रू. त्यात जनावराचा वाटा किती, हे आपण मोजायला सुरुवातही केलेली नाही, कारण अर्जावर तो प्रश्नच नसतो. जी बाई दारापर्यंत पोचलीच नाही, तिची खाट रिकामी दिसत नाही, एवढंच.

आणि प्रत्येक कुत्रा खोलीत घ्यावा असं कोणी म्हणत नाही. जगात याच्या तीन तऱ्हा रुळल्या आहेत. न्यूयॉर्कच्या ‘अर्बन रिसोर्स इन्स्टिट्यूट’ने २०१३मध्ये बाई, मुलं आणि जनावर एकाच घरात ठेवायला सुरुवात केली, तिथे प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली-स्वयंपाकघर असल्यामुळे ते जमलं. २०१८मध्ये त्यांनी ब्रुकलिनमध्ये याच कामासाठी ३० घरांची इमारत उघडली. दुसरी तऱ्हा रोझ ब्रुक्सची: आवार तेच, पण जनावरांची जागा वेगळी. धुता येईल अशी फरशी, वेगळी हवा, वेगळा दरवाजा, आणि जाऊन भेटायची मुभा. तिसरी ब्रिटनमधल्या ‘डॉग्ज ट्रस्ट’ची, २००४पासूनची: कुत्रा सांभाळायला एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी जातो. सांभाळणाऱ्याला बाईचं नाव माहीत नसतं, बाईला त्याचा पत्ता माहीत नसतो, म्हणजे कुत्र्याचा माग काढत छळणारा तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. कुत्र्याची खबरबात संस्थेमार्फत कळत राहते, आणि तिचं बस्तान बसलं की कुत्रा परत. पैशाची बाजूही हळूहळू उभी राहिली. २०१८च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा सोयींसाठी अनुदानाची तरतूद करणारा कायदा केला, आणि २०१९मध्ये प्युरिना कंपनी व ‘रेडरोव्हर’ संस्थेने ‘पर्पल लीश’ उपक्रम सुरू केला. तेव्हा त्या श्रीमंत देशातही जनावरासह आत घेणारी निवारागृहं दहा टक्क्यांच्या आतच होती.

यांतली तिसरी तऱ्हा महाराष्ट्राला सगळ्यात जवळची. तिला इमारत लागत नाही. पांजरापोळी आहेत, गोशाळा आहेत, शहराशहरांत प्राणिमित्रांच्या संस्था आहेत. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याने त्यांच्यापैकी एकीशी लेखी ठरवून ठेवलं, की आमच्याकडून आलेलं जनावर तीन महिने नाव न सांगता सांभाळायचं, तर सरकारला एक रुपया खर्च येणार नाही. गाईंसाठी अन्नदान करणाऱ्या भाविकांना या कामात पुण्य कमी आहे असं कोणत्याही पोथीत लिहिलेलं नाही.

बहिणाबाई नवऱ्याला सोडून गेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पुढे त्यांनी पतिव्रताधर्माचं गुणगान करणारे अभंग लिहिले, नवराही नंतर बदलला असं त्या सांगतात. त्यांच्यापुढे दुसरं दार नव्हतं. असतं तर त्यांनी काय केलं असतं, यावर कल्पना लढवण्यात अर्थ नाही. आजच्या बाईपुढे निदान कायद्याने दार आहे. तेव्हा प्रत्येक सखी केंद्राच्या आणि शक्ती सदनाच्या प्रवेश अर्जावर महिला व बालविकास विभागाने एक ओळ वाढवावी: घरी जनावर आहे का, आणि त्याची सोय काय?

वाचकांनाही थोडं करता येईल. घरातल्या कुत्र्यामांजराचं लसीकरणाचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना बाईच्या नावावर ठेवा. ताबा कोणाचा, हा वाद निघाला तर तोच कागद उपयोगी पडतो. शेजारीण निघायच्या विचारात असेल आणि शेळीपायी अडली असेल, तर ती शेळी महिनाभर आपल्या दावणीला बांधून घ्या. १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. तिथे फोन करताना घरातल्या जनावराचंही सांगा, आणि पलीकडून ‘त्याचं आमच्याकडे काही नाही’ असं उत्तर आलं तरी नोंद करून घ्यायला लावा.